डब्ब्यातलं घड्याळ

बंद पडलेली वस्तू उघडून पाहायचा नाद धम्मदीपाला लहानपणापासूनचा. शेजारणीचा मिक्सर, शाळेतली घंटा, विहारातला भोंगा, काहीही रुसलं की वाशीमकडच्या मालेगावातले लोक तिलाच हाक मारायचे. बाप शाळेत शिपाई, आई लोकांच्या वावरात निंदायला जाणारी. दोघांनी पोटाला चिमटा घेऊन तिला डिप्लोमा करू दिला. पुढं पुण्याला जायचं तिच्या मनात होतं, पण त्याच वर्षी आईच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि ती वाशीमलाच, पुसद नाक्याजवळच्या विकास सरांच्या दुकानवजा ऑफिसात चिकटली.

विकास सर गावोगावच्या नळयोजनांच्या पंपघरांत डब्बे बसवायचे. लोखंडी डब्बा, आत हाताच्या पंजाएवढा संगणक. मोटर कधी चालू झाली, कधी बंद झाली, टाकी कितपत भरली, हे तो टिपून ठेवायचा, आणि टाकी भरली की मोटर आपोआप बंद करायचा. ठेके सर आणायचे, भिंतीला भोकं पाडायला मिस्त्री जायचा, आणि डब्ब्याच्या आतलं सगळं धम्मदीपाच्या माथी. उद्घाटनाला मात्र सर स्वतः जायचे. हार गळ्यात घालून म्हणायचे, "माणूस खोटं बोलेल, डब्बा बोलणार नाही." लोक टाळ्या वाजवायचे.

कोळंबखेडचा डब्बा सारखा मान टाकायचा. शेलूबाजारहून आत फुटणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, पंपघर गावाबाहेर नाल्याकाठी. हिवाळ्यातल्या एका सकाळी धम्मदीपा आपली जुनी स्कुटी घेऊन तिथं पोचली, तेव्हा पंपघराच्या पायरीवर एक सडपातळ म्हातारा बिडी विझवून उभा राहिला. हाच योजनेचा ऑपरेटर, जानराव.

"साहेब नाई आले?"

"मीच आले. डब्बा मीच पाहते."

"कोन्त्या गावच्या तुमी?"

"मालेगावची. धम्मदीपा नाव माझं."

नाव ऐकलं आणि म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. त्यानं खांद्यावरचा दुपट्टा काढून पायरी झटकली. "जय भीम पोरी. बस, बस इथी. आपली पोट्टी कंप्युटर खोलून राह्यली म्हंजे... थांब, चहा सांगतो."

धम्मदीपा हसली. तिच्या आईचे सगळे भाऊ असेच बोलायचे. तिनं त्याला मामा म्हणायला सुरुवात केली ती तिथूनच.

डब्ब्याचं दुखणं तिला लवकर सापडलं. हा संगणक भारी बडबड्या. जागा झालो, नेट शोधलं, नेट मिळालं नाही, पुन्हा शोधलं, अमुक काम सुरू केलं, तमुक थांबवलं, अशी आपली इत्थंभूत हकीकत तो अखंड लिहीत बसायचा, आणि ती सगळी नखाएवढ्या मेमरी कार्डावर. कार्डाला लिहिण्याची एक मर्यादा असते. रात्रंदिवस खरडून खरडून ते झिजायचं, आणि कार्ड गेलं की डब्बाच गेला.

लॅपटॉप मांडीवर घेऊन तिनं त्याच्या लिहिण्याला शिस्त लावली. किरकोळ बडबड कार्डावर न जाता तात्पुरत्या स्मृतीत राहील आणि वीज गेली की पुसली जाईल. कार्डावर फक्त मोटरच्या ओळी जातील, चालू आणि बंद. त्याही जुन्या झाल्या की वाशीमच्या संगणकावर पाठवून इथली जागा मोकळी व्हायची. काम नेटकं होतं. अशी कामं करताना तिला भूकतहान आठवत नसे.

जानराव मागं उभा राहून पाहत होता. "काय लिवून राह्यली?"

"मामा, हा डब्बा काय काय केलं ते सगळं लिहून ठेवतो. मी त्याले सांगून राह्यली, का एवढं लिहू नोको. कामाचं तेवढं ठेव, बाकीचं विसर."

"मंग मानसासारकंच झालं का थे." तो बिडीचं थोटूक चपलेखाली चिरडत म्हणाला. "पन लिवते कोनासाठी?"

"कोणी विचारलं तर असावं म्हणून."

"मले तर आजपावतर कोनी काई इचारलं नाई."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. योजना सुरू झाली तेव्हा मानधन इतकं तुटपुंजं होतं, की गावातलं एकही माणूस चावी हातात घ्यायला तयार होईना. तेव्हाच्या सरपंचानं ती जानरावच्या हातात दिली. सुरुवातीला वरच्या आळीतली काही घरं त्यानं सोडलेलं पाणी आधी थोडं नालीत वाहू द्यायची आणि मग घागर लावायची. जानराव हे सांगताना हसायचा. "पानी सोडाले मी, अन् पानी धुवाले थे. पान्यानं पानी धुतात बापा!" पुढं लोकांचा कंटाळा म्हणा की काळ म्हणा, ते बंद झालं. म्हातारा पहाट फुटली की मोटर लावायचा, टाकी भरली की आळीआळीनं व्हॉल्व्ह फिरवायचा. सोयरिकीला गेला तरी मुक्कामाला राहायचा नाही.

काम आवरताना धम्मदीपानं सकाळपासून बंद ठेवलेला डब्बा पुन्हा चालू केला, आणि तिच्या एक गोष्ट लक्षात आली. सूर्य डोक्यावर आला होता आणि डब्बा सकाळची वेळ सांगत होता. ह्या लहान संगणकांना स्वतःचं घड्याळ नसतं. ते नेटला वेळ विचारतात. नेट नसेल तर झोपताना जी वेळ शेवटची टिपली, तिथूनच पुढं मोजायला लागतात. बंद असताना मध्ये किती काळ गेला हे त्यांना कळत नाही. आणि कोळंबखेडचा टॉवर तर असा, की गावातली वीज गेली की तोही मुका व्हायचा आणि वीज आल्यावरही बराच वेळ घुमा बसायचा.

तिनं तिथूनच सरांना फोन लावला. "सर, ह्याला घड्याळाचा तुकडा लावावा लागेल. बटणाच्या सेलवर चालतो तो. लहानसाच असतो."

"नेट आलं की वेळ दुरुस्त होते ना आपोआप?"

"होते सर, पण तोवरच्या नोंदी..."

"मग झालं तर. पुढच्या टप्प्यात पाहू. तू आता पुढच्या गावाला निघ, तिथले लोक वाट पाहून राह्यले."

आणखी एक उपाय तिच्या हातात होता. डब्बा जागा झाला की 'वीज गेली होती, वेळ खात्रीची नाही' अशी एक ओळ कार्डावर लिहायला सांगायची. फार मोठं काम नव्हतं. पण पुढचं गाव लांब होतं, सरांचा पुन्हा फोन येत होता. पुढच्या खेपेला करू, असं म्हणत तिनं लॅपटॉप मिटला. पुढची खेप काही आली नाही, कारण डब्बा आता बंदच पडत नव्हता.

उन्हाळा कडक निघाला. विहिरीनं तळ गाठला, टाकी अर्धीच भरू लागली, खालच्या आळीला एक दिवस तर वरच्या आळीला दुसऱ्या दिवशी पाणी. लोकांची डोकी तापली. गावच्या सरपंच होत्या निताबाई, पण खुर्चीत बसायचा त्यांचा नवरा जगदेव. त्यानं विकास सरांना फोन करून मोटरच्या नोंदी मागवल्या.

सर धम्मदीपाला म्हणाले, "कोळंबखेडच्या मोटरच्या ओळी काढून पाठवून दे. बाकी कचरा नको."

कचरा उरलाच कुठं होता? तो तिनं हिवाळ्यातच बंद केला होता. तिनं पानं काढली आणि पाठवली. तशी कैक गावांची पाठवायची असत. एकेक ओळ वाचायला वेळ कोणाला होता!

नंतर एक दिवस जानरावचा फोन आला. आवाज त्याचा वाटत नव्हता.

"पोरी, तुया डब्ब्यानं मले चोर केलं."

ती तडक निघाली. पंपघराला नवं कुलूप होतं. जानराव रस्त्याच्या पलीकडं बाभळीखाली बसला होता, हातात त्या पानांची घामानं मऊ झालेली नक्कल. ग्रामपंचायतीत सगळ्यांसमोर ती वाचून दाखवली गेली होती. रात्री साडेदहाला मोटर चालू. दुसऱ्या पानावर रात्री अकराला चालू. गावात टंचाई, आणि हा बाबा रात्री मोटर लावून पाणी कोणाच्या वावरात सोडून राह्यला, असा सवाल जगदेवनं केला. कोणी म्हणालं संत्र्याच्या बागेला विकलं असेल. कोणी म्हणालं आधी आपल्या लोकांच्या टाक्या भरत असेल. जानरावनं हात जोडून सांगितलं की रात्री मी घरी झोपलेला असतो, मोटर मी पहाटेच लावतो. त्यावर जगदेव म्हणाला, "तू म्हनतं पहाटे, डब्बा म्हनते रात्री. डब्ब्याची कोनाशी दुश्मनी हाय?"

धम्मदीपानं पानांवर नजर फिरवली आणि एकेका तारखेवर बोट ठेवून त्या रात्री वीज होती का, ते त्याला विचारलं. ज्या ज्या रात्री वीज गेली होती, त्या त्या तारखांच्याच ह्या ओळी होत्या. रात्री वीज गेली तशी डब्बा झोपला. पहाटे वीज आली, जानरावनं नेहमीसारखी मोटर लावली, आणि नुकता जागा झालेला डब्बा अजून रात्रच समजत होता. मध्ये वीज गेल्याची, डब्बा पुन्हा सुरू झाल्याची जी बडबड होती, ती तर तिनंच पुसायला सांगितली होती.

"मामा, ही वेळ चुकीची हाय. मी जाते, सांगते. तुमी काळजी करू नोका."

"सांग माय," म्हातारा म्हणाला. "तुयं ऐकतीन थे. तू शिकेल हायेस."

विकास सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग ऑफिसचं दार लोटलं.

"कंपनीच्या कागदावर लिहून द्यायचं, की आमच्या डब्ब्याची वेळ चुकते?"

"सर, चुकतेच ना."

"अन् उद्या बाकीच्या गावांनी तेच लिहून मागितलं मग? बिलं अडकतील, पुढचा ठेका जाईल, तू अन् मी दोघंही घरी बसू. एका माणसापायी हे दुकान बंद करायचं आहे काय?"

"त्याची काही चूक नाई सर."

"मी कुठं म्हणतो आहे? पण आपणही काही त्याला चोर म्हटलं नाही. आपण नोंदी दिल्या. त्याचा अर्थ त्यांनी काढला."

तिनं मग वीज कंपनीच्या सबस्टेशनला चकरा मारल्या. तिथल्या एका भल्या बाईनं रीतसर अर्ज घेतला आणि त्या रात्री कोळंबखेडची वीज बंद होती असं सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. तो कागद घेऊन धम्मदीपा ग्रामपंचायतीत गेली तेव्हा तिला वाटलं, आता प्रश्न मिटला. वीजच नव्हती तर मोटर कशी चालेल? हे तर शाळेतल्या पोरालाही कळेल.

जगदेवनं तिला खुर्ची दिली, चहा सांगितला. कागद वाचला, उलटून मागं पाहिला, पुन्हा वाचला.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

तिचा जीव भांड्यात पडला. "मग जानरावमामांना परत..."

"मॅडम, ठराव होऊन गेला. नवा मानूस कामाले लागला. माह्या साळ्याचाच पोरगा हाय, आयटीआय झालेला. आता त्याले काय सांगू?"

"पण चोरीचा ठपका ठेवून काढलं तुमी त्यांना! ठपका तरी काढा. गावासमोर सांगा, का नोंद चुकीची होती."

"चुकीची हाय असं तुमच्या साहेबानं लिवून देल्लं काय?"

तिनं त्याच्यापुढचा कागद उचलून परत घेतला.

"नाई ना? साहेब म्हनतात डब्बा बरोबर, तुमी म्हनता चूक. आमी अडानी मानसं, कोनाचं ऐकावं?" जगदेवनं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. आवाज अगदी घरच्यासारखा मऊ झाला होता. "अन् खरं सांगू काय मॅडम? लोकायले पयलेपासूनच थे पटत नोतं. पान्याचं काम म्हंजे... तुमी समजदार हा. बोलत कोनी नोतं, इतकंच." मग जरा थांबून तो म्हणाला, "तुमच्यातलाच हाय म्हून तुमाले वाईट वाटून राह्यलं. समजते मले थे."

धम्मदीपाच्या हातात सही-शिक्क्याचा कागद होता, डोक्यात सगळा हिशेब लख्ख होता, आणि ह्या एका वाक्यानं त्या सगळ्याची माती झाली. तारीख, वेळ, वीज, घड्याळ, तिनं जे काही सांगितलं ते त्या माणसाला पहिल्या शब्दालाच समजलं होतं. ते पटवून घ्यायची त्याला गरजच नव्हती. डब्बा नसता तर दुसरं काहीतरी निघालं असतं. पण दुसरं काही निघायच्या आधी हे तिनं आयतं दिलं होतं, स्वच्छ, नीटनेटकं, कचरा काढून.

चहा न पिता ती उठली. जगदेव दारापर्यंत पोचवायला आला.

जानरावचं घर गावाच्या खालच्या टोकाला. त्याची बायको गंगू ओसरीवर तूर पाखडत होती. तिनं धम्मदीपाकडं पाहिलं आणि सूप खाली न ठेवता म्हणाली, "आली पाहा तुमची कंप्युटरवाली."

जानराव आतून आला. बसायला त्यानं बाज दिली. धम्मदीपानं सगळं सांगितलं, घड्याळाचंही, सरांचंही, जगदेवचंही. फक्त त्याचं ते शेवटचं वाक्य तिनं गाळलं. म्हाताऱ्यानं ते न ऐकताच ओळखलं असावं, कारण त्याबद्दल त्यानं काही विचारलं नाही. त्यानं दुसरंच विचारलं.

"त्या डब्ब्यात घड्याळ नाई, हे तुमाले कवा समजलं?"

'तुमाले' हा शब्द तिला आधी टोचला, मग प्रश्न.

"हिवाळ्यात. तुमी चहा सांगितला होता, त्या दिवशी."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सरांना सांगितलं होतं मामा, त्यांनी..."

"सरायले नाई, मले. मी तं तुमच्या मागंच उभा होतो." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "मी रोज हातातलं घड्याळ पाहून मोटर लावत होतो. तुमी म्हनल्या असत्या, मामा याले वेळ समजत नाई, तं मी एखांद्या भिंतीवर खडूनं लिवून ठेवलं असतं. मले लिवता येते."

त्याला सांगावं हे तिच्या मनातच आलं नव्हतं. डब्ब्याचं दुखणं सांगायचं ते ऑफिसात, डब्ब्याजवळ राबणाऱ्या माणसाला नाही, हे ती कुठून शिकली होती कोण जाणे. कोणी शिकवलं नव्हतं, तरी शिकली होती.

"बाई, पानी पेता?" गंगूनं विचारलं. "पेत असान तं आनते. नळाचंच हाय."

धम्मदीपानं पाणी घेतलं. ते संपवून ती उठली.

नोकरी सोडायचा विचार तिच्या मनात आला. परतीच्या रस्त्यात तिनं राजीनामा मनातल्या मनात लिहिलाही. पण घरी आई पाय शेकत बसली होती, बापाची निवृत्ती जवळ आली होती, आणि दुसऱ्या दिवशी ती वेळेवर ऑफिसात होती. हे तिचं तिलाच पुढं कितीतरी दिवस गोड लागलं नाही. तिनं एवढं केलं, की त्यानंतर जो डब्बा तिच्या हाताखालून गेला त्याला, सरांना न विचारता, ती ओळ लिहायला शिकवलं: वीज गेली होती, वेळ खात्रीची नाही. सरांच्या ते लक्षात आलं तेव्हा ते रागावले नाहीत. उलट खूष झाले. पावसाळा लागता लागता त्यांनी घड्याळाच्या तुकड्यांची मोठी खरेदी केली, माहितीपत्रकात 'अचूक वेळेची सोय' असं ठळक छापलं आणि जुन्या गावांना नव्या सुविधेचं वेगळं बिल लावलं. पहिली मागणी कोळंबखेडची आली.

ती गेली. जगदेवच्या साळ्याचा पोरगा पंपघरात मोबाइल पाहत पडला होता. टाकी अजून भरायची होती. "मॅडम, तुमी करा तुमचं, चावी पंचायतीत देऊन द्या," म्हणून तो गावात निघून गेला. तिनं डब्बा उघडला, घड्याळ बसवलं, वेळ लावली, वीज बंद-चालू करून तपासली. बरोबर दाखवत होतं.

बाहेर आली तर गंगू. डोक्यावर वैरणीचा भारा, वावरातून परत येत होती. धम्मदीपानं पुढं होऊन भारा धरायला हात केला, पण गंगूनं तो धरू दिला नाही.

"मामा कसे हायेत?"

"कारंज्याले असतात. तथी एका कापसाच्या जिनिंगवर चौकीदारी भेटली."

"तब्येत?"

"तब्येतीले काय होते!" गंगू भारा सावरत थांबली. "दिवेलागन झाली का ह्या मानसाचे डोये मिटाचे. लगनापासून पाह्यलं मी, रात्री कवा उंबरा नाई वलांडला. गावानं म्हनलं रात्री फिरते. आता रातभर जागाच लागते त्याले. फाटकापाशी, बाकड्यावर."

धम्मदीपा काहीतरी बोलायला गेली.

"जाय बाई तू," गंगू म्हणाली. "तुयासंगं उभी राह्यलेली लोकायनं पाह्यली, तं मलेच चार गोष्टी आयका लागतीन."

ती भारा घेऊन खालच्या आळीकडं वळली. धम्मदीपानं पंपघराचं दार ओढून घेतलं, चावी सांगितल्याप्रमाणं ग्रामपंचायतीत नेऊन दिली आणि काम झाल्याची जगदेवची सही घेतली.